विहिरीच्या काठावरची हिरवळ : शेवाळ कोणते, हरिता कोणती ?



शेतकी विभागाच्या या पानात आपण बहुधा बेणे, खत आणि पाणी यांबद्दल बोलतो. आज विषय जरा निराळा आहे. पण शेवटी तो आपल्या पाण्यापाशीच येतो, म्हणून थोडे सबुरीने वाचावे ही विनंती.

माझे मूळ गाव रेवस, तालुका अलिबाग. समोर करंजा, मध्ये धरमतरची खाडी. घराच्या मागे चुन्यात बांधलेली जुनी गोड्या पाण्याची विहीर आहे. खाऱ्या वाऱ्याच्या मुलखात गोड्या विहिरीची किंमत काय, हे तिथल्या माणसालाच ठाऊक. गेल्या पावसाळ्यात वहिनींचा पाय त्या विहिरीच्या पायरीवर घसरला आणि मनगट मोडले. माघात मी गावी गेलो तो दादा मोरचूद आणून बसलेला. म्हणाला, "अरे, हे शेवाळ भिंत खातंय. मोरचुदाचं पाणी ओततो, एकदाच साफ होईल." मी म्हटले, "दादा, ओतण्याआधी ते आहे काय ते तर बघू." पिण्याच्या विहिरीत अंदाजाने मोरचूद ओतणे म्हणजे रोगापेक्षा औषध भारी !

आपण हिरवे दिसेल त्या सर्वांना शेवाळ म्हणतो. त्यात खरे तर निरनिराळे प्रकार आहेत. ते असे ओळखावेत :

(१) शैवल : बोटाला बुळबुळीत लागते. पान नाही, देठ नाही. रेवसच्या धक्क्यावर भरतीचे पाणी चढते तिथली निसरड ही याच जातीची.

(२) दगडफूल : करड्या किंवा पांढुरक्या खपल्या. यांनाही पाने नसतात.

(३) यकृतका : जमिनीला चिकटलेल्या चपट्या हिरव्या फिती, टोकाला दोन-दोन फाटे फुटलेल्या.

(४) हरिता, म्हणजेच मॉस : मखमलीसारखा गालिचा. चिमूट उपटली तर इवलासा देठ आणि त्याभोवती पानांसारखे भाग दिसतात. मूळ मात्र खरे नसते. फक्त धरून राहण्यापुरते बारीक तंतू असतात. समुद्राच्या पाण्यात ही वाढत नाही.

विहिरीवरची चिमूट मी भिंगाखाली धरली. पाने होती, म्हणजे हरिता नक्की. पण हरितांच्या जगात सुमारे बारा हजार जाती आहेत आणि एकट्या भारतात दीड हजारांच्या वर. मग यातली ही कोणती ?

पहिली खूण वाळल्यावरची. काठावरचा कोरडा भाग तपकिरी, मेल्यासारखा दिसत होता आणि प्रत्येक पानाच्या कडा आत वळून पुंगळी झाली होती. त्यावर ओंजळभर पाणी शिंपडले. थोड्याच वेळात पाने उलगडली आणि हिरवीगार झाली. दादा बघतच राहिला !

दुसरी खूण पानाची. पान दोन-तीन मिलिमीटर लांब, जिभेच्या आकाराचे, मधली शीर ठळक आणि टोकापर्यंत गेलेली. टोकाजवळच्या कडेला बारीक दाते.

तिसरी खूण पानांच्या बेचक्यातली. तिथे बारीक कण होते. गावच्या हायस्कुलातल्या सूक्ष्मदर्शकाखाली ते चांदणीसारखे दिसले. हे कण गळून पाण्याबरोबर जातात आणि त्यांपासून नवी रोपे होतात.

चौथी खूण बोंडाची. ते मिळाले तर सरळ उभे, नळीसारखे असते आणि त्याच्या तोंडाशी दातांची झालर नसते.

या खुणा जुळल्या की ती 'हायोफिला इन्व्होल्युटा'. पहिल्या शब्दाचा अर्थ पाऊसवेडी, दुसऱ्याचा आत वळलेली. नावातच ओळख आहे. ओल्या भिंती, चुन्याचे बांधकाम आणि पाण्याकाठचे दगड ही तिची आवडती जागा. हिच्याशी घोटाळा होऊ शकेल अशा दोन आहेत. 'फ्युनारिया'चे बोंड पेरूच्या आकाराचे, लांब दांडीवर मान टाकलेले असते. 'ब्रायम अर्जेंटियम' चांदीसारखी पांढुरकी चमकते. ज्यांना गोडी लागेल त्यांच्यासाठी डॉ. जी. टी. दाभाडे यांचा खंडाळा-महाबळेश्वरच्या हरितांवरील इंग्रजी ग्रंथ १९९८ साली निघाला आहे.

आता या ओळखीचा उपयोग काय ? हरितेला मूळ नाही, तेव्हा ती भिंत खात नाही. ती सांगते एवढेच, की इथे ओल कायम आहे. आम्ही विहिरीची भिंत नीट पाहिली. पायरीच्या वरच्या दोन दर्जा उघड्या पडल्या होत्या आणि सांडलेले पाणी तिथून झिरपत होते. दर्जा भरून घेतल्या, पायऱ्या काथ्याच्या ब्रशाने घासल्या, सांडपाण्याला पन्हाळ दिली. मोरचूद पुडीतच राहिले. आतल्या भिंतीवरची हरिता तशीच ठेवली, तिचा कोणाला त्रास नाही.

आपल्या उसातही हाच न्याय लावावा. सरीत किंवा वरंब्यावर हिरवा थर दिसला की काही सभासद औषध विचारायला गटऑफिसात येतात. आधी बोट लावून पाहा. बुळबुळीत असेल तर शैवल, मखमली असेल तर हरिता. दोन्ही उसाचे रोग नव्हेत. पण थर पाळी संपत आली तरी ओलाच राहत असेल, तर तिथे हातभर खड्डा खणून पाहा. खड्ड्यात पाणी जमले तर निचरा नाही असे समजा, पाण्याची पाळी लांबवा आणि चर काढा. हिरव्याच्या जागी पांढरा थर येऊ लागला तर मात्र उशीर करू नका, तो क्षार आहे. लगेच मातीचा नमुना तपासायला द्यावा.

हिरवे पुसून टाकण्याआधी ते काय सांगते आहे ते ऐकावे, इतकेच.

— ऊस विकास अधिकारी