उन्हाचे चट्टे आणि उजेडाचे औषध

आमच्या कॅम्पात गोऱ्या पलटणी होत्या, त्या काळी साहेब मंडळी सोला टोपीवाचून उन्हात पाऊल टाकीत नसत. त्यात भय पुष्कळ अवास्तव होते, पण अगदीच निराधार नव्हते. वर्षानुवर्षे ऊन लागलेल्या गोऱ्या कातडीवर, विशेषतः कपाळ, कान व हाताची पाठ येथे, खरखरीत लालसर चट्टे उठतात. बहुतेक तसेच राहतात. काहींचा पुढे कर्करोग होतो.

सावळ्या कातडीतील रंगद्रव्य ही निसर्गाने दिलेली छत्री होय. म्हणून हा विकार आपल्यात विरळा. परंतु ज्या मुलाच्या अंगी जन्मतःच हे द्रव्य जवळजवळ नसते, केस पांढुरके व डोळे उन्हात मिटणारे, त्याला ती छत्रीच नाही. असे मूल निपाणीकडच्या तंबाखूच्या रानात दिवसभर वावरले, तर तरुणपणीच असे चट्टे उठू शकतात.

या चट्ट्यांवर एक चमत्कारिक उपचार आहे. अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाचा लेप देतात. रक्ताची लाली घडविताना आपले शरीरही हेच आम्ल वापरते. बिघडलेल्या पेशी त्यापासून प्रकाश शोषणारे द्रव्य भरपूर साठवितात. मग तांबडा किंवा निळा उजेड पाडला की ते द्रव्य प्राणवायूला प्रखर बनवते आणि त्या पेशी जळतात. भोवतालची निरोगी कातडी बरीचशी वाचते. आग मात्र चांगलीच होते! पुढे दोन दिवस उन्हापासून जपावे लागते.

म्युनिक येथे राब या विद्यार्थ्याने १९०० साली दाखविले की, रंगाने जे सूक्ष्म जीव अंधारात मरत नाहीत ते उजेडात मरतात. कातडीवरील लेपाची कृती १९९० साली कॅनडात केनेडी यांनी प्रसिद्ध केली. १९९९ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली.

आपल्याकडे कोडावर बावची लावून उन्हात बसविण्याची चाल जुनी आहे. तत्त्व जवळचेच, औषध व उजेड यांची जोडी. हेतू मात्र रंग आणण्याचा. येथेच घरोघरी घोटाळा होतो. जन्मतः रंगहीन मुलाला कोड आहे असे समजून बावची लावतात व उन्हात बसवितात. त्याच्या कातडीत रंग घडविण्याची शक्तीच उणी असते. रंग येत नाही, फोड मात्र येतात. त्या मुलाला रुंद काठाची टोपी, लांब बाह्यांचा सदरा व वर्गात खिडकीपासून दूरची जागा द्यावी. आणि खरखरीत, रक्ताळणारा वा महिनाभर न भरणारा चट्टा दिसल्यास तो त्वचारोगाच्या डॉक्टरांस लगेच दाखवावा.