सिम्फनी ऐकायची कशी? ‘सा’ शोधत!

हॉस्टेलमध्ये सगळ्या प्रकारची गाणी वाजतात. पण वेस्टर्न क्लासिकल लावलं की प्रतिक्रिया ठरलेली : “छान आहे गं, पण यात चाललंय काय?” प्रश्न रास्त आहे. शब्द नाहीत, गायक नाही, तबला नाही. मग धरायचं काय? कॉन्व्हेंटमध्ये थोडाफार पियानो शिकले, त्या भांडवलावर हा छोटासा धडा. (इंग्रजी शब्द येतील, चालवून घ्या!)

उदाहरण घेऊ मोझार्टच्या 40व्या सिम्फनीचं. ही त्याने 25 जुलै 1788 रोजी व्हिएन्नात पूर्ण केली. आपण फक्त पहिला भाग ऐकायचा, सात-आठ मिनिटांचा. सुरुवातीची धून तुमच्या ओळखीची निघेल. सलील चौधरींनी ‘छाया’ (1961) चित्रपटात तलत महमूद आणि लताबाईंचं एक द्वंद्वगीत याच धुनेवर बांधलं होतं.

या भागाच्या रचनेला ‘सोनाटा फॉर्म’ म्हणतात. पुस्तकात त्याची व्याख्या लांबलचक असते, पण ऐकताना एकच गोष्ट धरून ठेवा : ‘सा’. आपल्याकडे तानपुरा ‘सा’ धरून बसतो आणि मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. इथे मात्र ‘सा’च घर सोडून निघतो. तो कुठे जातो आणि परत कसा येतो, हीच या सात-आठ मिनिटांची गोष्ट.

पहिला टप्पा, मांडणी म्हणजे एक्स्पोझिशन. घराचा सूर जी मायनर. मायनर म्हणजे गंधार कोमल, असं समजा. आधी व्हायोलांची हलकी धडधड सुरू होते आणि लगेच व्हायोलिन्स धून धरतात. कोमल धैवतावरून पंचमावर तीनदा उतरतात आणि मग एकदम वरच्या कोमल गंधारावर उडी. साधारण पाऊण मिनिटानंतर सगळा ऑर्केस्ट्रा क्षणभर गप्प होतो. त्या शांततेनंतर येते दुसरी धून, व्हायोलिन्स आणि फुंकवाद्यांनी वाटून घेतलेली, अलगद खाली घसरणारी. इथे ‘सा’ बदललेला आहे : आधीचा कोमल गंधार हाच आता नवा ‘सा’. सूर बी फ्लॅट मेजर, म्हणजे गंधार शुद्ध. खिडकी उघडून ऊन आत यावं तसं वाटतं. हा सगळा टप्पा पुन्हा एकदा वाजवतात. कंटाळू नका. दोन्ही धुना पाठ व्हाव्यात म्हणून मिळालेली ही रिव्हिजन आहे.

दुसरा टप्पा डेव्हलपमेंट. इथे ‘सा’ हरवतो. पहिली धून अचानक एफ शार्प मायनरमध्ये येते, म्हणजे घरापासून जेमतेम अर्धा स्वर खाली, पण ऐकायला फार परकी. मग चेलो आणि डबल बेस ती धून ओढून घेतात, वर व्हायोलिन्सची पळापळ चालते. धुनेचे तुकडे होत होत शेवटी हातात तीनच स्वर उरतात. ते एकमेकांकडे टाकत फुंकवाद्यं खाली उतरतात, आणि त्यांचं उतरणं संपायच्या आतच व्हायोलिन्स मूळ धून सुरू करतात. घर आलं! कोणी दार वाजवलं नाही, घोषणा केली नाही.

तिसरा टप्पा रिकॅपिट्युलेशन, आणि खरी गंमत इथे आहे. नियम असा की आता दोन्ही धुना घरच्याच ‘सा’वर यायच्या. पहिलीचा प्रश्न नाही. पण ती उन्हाची दुसरी धून? तिलाही जी मायनरमध्ये यावं लागतं. चाल तीच, गंधार कोमल! हॉस्टेलवर सगळ्यांना हसवणारा मित्र सुट्टीत त्याच्या घरी भेटावा आणि तिथे एकदम गप्प-गप्प दिसावा, तसं होतं.

आणि हे व्हायलाच हवं होतं असं नाही. बीथोव्हेनच्या 5व्या सिम्फनीचा (1808) पहिला भागही मायनरमध्ये आहे, पण तिथे परतणारी दुसरी धून शुद्ध गंधार घेऊनच येते. मोझार्टने तो दिलासा नाकारला. ‘सोनाटा फॉर्म’ हे नाव आणि त्याचा पुस्तकी आराखडा त्याच्यानंतर, 19व्या शतकात रुळला. त्याच्यासमोर सोडवून दाखवलेलं गणित नव्हतं. म्हणूनच फॉर्म म्हणजे रिकामे रकाने भरणं नव्हे, असं मला वाटतं. घरी परतणं ठरलेलं असतं, पण परतल्यावर काय उरतं ते रचनाकार ठरवतो.

आता होमवर्क. हेडफोन लावा आणि हा भाग तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त पहिली धून किती वेळा येते ते मोजा. दुसऱ्यांदा ती छोटी शांतता आणि नंतरचं ऊन पकडा. तिसऱ्यांदा ती दुसरी धून परत येण्याची वाट बघा. ती आली की तुमचा चेहरा बदलला, तर समजा, सोनाटा फॉर्म समजला. व्हायव्हाला व्याख्या नाही सांगता आली तरी चालेल!