महेश्वरचा अहिल्यावाडा

नर्मदामातेच्या उत्तर तीरावर वसलेल्या श्रीक्षेत्र महेश्वर येथे (जि. खरगोन, मध्य प्रदेश) येणारा भाविक प्रथम घाटावर स्नान करतो, राजराजेश्वर मंदिरातील अकरा अखंड नंदादीपांचे दर्शन घेतो आणि मग किल्ल्यात येतो. तेथे भव्य राजप्रासाद असेल अशी त्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात दिसतो तो लाकडी खांबांचा, ओसरी व चौक असलेला, महाराष्ट्रातील एखाद्या सुखवस्तू घराण्याचा वाटावा असा वाडा. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे राजधानीतील निवासस्थान ते हेच.

अहिल्याबाईंचा जन्म चौंडी (आता जि. अहिल्यानगर) येथे 1725 साली झाला. कुंभेरीच्या वेढ्यात 1754 मध्ये पती खंडेराव कामी आले; 1766 मध्ये सासरे मल्हारराव व त्यापाठोपाठ 1767 मध्ये पुत्र मालेराव यांचे निधन झाले. त्यानंतर राज्याची सूत्रे हाती घेऊन त्यांनी महेश्वर ही राजधानी केली आणि 13 ऑगस्ट 1795 रोजी देहावसान होईपर्यंत येथूनच कारभार पाहिला. राज्य शंकराचे, आपण केवळ त्याच्या सेवक, ही त्यांची धारणा होती.

दानशूर भक्तांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. होळकरांच्या उत्पन्नाचे दोन भाग असत : एक दौलतीचा, दुसरा खासगीचा. पेशव्यांनी 1734 मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीची नेमणूक करून दिली होती. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. धर्मकार्याचा खर्च त्यांनी या खासगीतून केला, रयतेकडून आलेल्या दौलतीच्या खजिन्यातून नव्हे. काशीविश्वेश्वराचे मंदिर (1780), गयेचे विष्णुपद, सोमनाथ, वेरूळचे घृष्णेश्वर ही नावे सर्वपरिचित आहेत. त्याखेरीज यात्रामार्गांवर त्यांनी घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे उभारली, त्यांची गणती मोठी आहे. स्वतःचा वाडा मात्र त्यांनी साधाच ठेवला.

वाड्यातील गादीची बैठकही तशीच साधी आहे. जवळच देवघर असून तेथील सोन्याचा पाळणा पाहण्यासाठी गर्दी होते. परंतु पाळण्यापेक्षा लिंगार्चन अधिक पाहण्यासारखे आहे. अहिल्याबाईंच्या काळापासूनच्या परंपरेनुसार ब्रह्मवृंद रोज सकाळी मातीची हजारो लहान शिवलिंगे हाताने घडवून त्यांची पूजा करतात.

1818 मध्ये होळकरांची राजधानी इंदूरला गेली आणि महेश्वर शांत झाले. किल्ल्यातील वाड्याचा निवासी भाग होळकर घराण्याकडे राहिला. यशवंतराव होळकर (दुसरे) यांचे पुत्र रिचर्ड होळकर यांनी 2000 साली तो हॉटेल म्हणून पाहुण्यांसाठी खुला केला. त्यापूर्वी, 1970 च्या दशकाच्या अखेरीस, ‘रेहवा’ संस्थेच्या द्वारे येथील हातमागाला पुन्हा बळ देण्यातही त्यांचा वाटा होता. अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर आणून वसविले व हा व्यवसाय रुजविला. महेश्वरी साडी त्यांचीच देणगी मानली जाते.

जिने गावोगावी यात्रेकरूंसाठी विनामूल्य निवारा बांधला, तिच्याच घरात पैसे मोजून राहावे लागावे, याचे काही भाविकांना वाईट वाटते. ते स्वाभाविक आहे. तथापि लाकडी वाडा माणसांच्या वावराशिवाय टिकत नाही. वाळवी लागून, छप्पर गळून कोसळलेले कितीतरी वाडे महाराष्ट्रात गावोगाव दिसतात. येथे पाहुण्यांच्या वास्तव्यामुळे निवासी भागाची डागडुजी होत राहते, आणि गादी व देवघर यांच्या दर्शनाला त्यामुळे बाधा येत नाही.

हॉटेल व दर्शनाची जागा निरनिराळ्या आहेत, हे लक्षात न आल्याने काही यात्रेकरू बाहेरूनच परततात. तसे करू नये. राजवाड्याची वाट विचारून आत जावे. लिंगार्चन पाहावयाचे असल्यास आदल्या रात्री महेश्वरी मुक्काम करणे सोयीचे. गावात धर्मशाळा व साधी निवासस्थाने आहेत. पूजा संपल्यावर ती सर्व शिवलिंगे घाटावर नेऊन नर्मदेत विसर्जित केली जातात.