गोंदण आणि आपली मुले

शास्त्रवाचन : लेवीय १९:२६-३२, गणना ३०:२-५, १ करिंथकरांस ६:१९-२०

चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी घरी येऊन म्हणते, "मला मनगटावर क्रूस गोंदवून घ्यायचा आहे." पनवेलसारख्या शहरात टॅटूची दुकाने सहज सापडतात, आणि खेड्यांतील मुलेही तेथे शिकावयास जातात. अशा वेळी आईबापांनी काय उत्तर द्यावे, ह्याचा विचार ह्या पाठात करू.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की ही गोष्ट नवी नव्हे. पनवेल तालुक्यातील आगरी, कोळी, कातकरी व ठाकूर घराण्यांतील पुष्कळ वृद्ध स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर व हातांवर गोंदण आढळते. गोंदणारीण दारी येई, सुया काजळीत बुडवून टोची, आणि लहानग्या मुलीस घरच्या बाया धरून बसवीत. मेल्यावर दागिने येथेच राहतात, गोंदण मात्र सोबत येते, अशी समजूत होती. त्या मुलींस कोणी विचारले नाही. तेव्हा आजीच्या हातावरील तुळशीकडे पाहून तिला कमी लेखणे जसे अयोग्य, तसेच नातवाची इच्छा म्हणजे जगबुडी झाली असे मानणेही अयोग्य होय.

आता शास्त्राकडे वळू. लेवीय १९:२८ मध्ये मृतांसाठी अंगावर जखमा करणे व अंग गोंदणे ह्यांची मनाई आहे. यहूदी लोकांच्या नियमशास्त्रात ही मनाई आजही मानली जाते. कोकणातील बेने इस्राएल लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. त्यांचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर पनवेलीत १८४९ साली बांधले गेले. परंतु आम्ही ख्रिस्ती लोक ह्याच अध्यायातील दाढीविषयीचा नियम आपणांस लागू करीत नाही. मग पुढचेच एक वचन उचलून मुलांच्या डोक्यावर मारणे प्रामाणिकपणाचे नव्हे. शिवाय मिसर देशातील कोप्ट ख्रिस्ती लोक मनगटावर क्रूस गोंदवितात. छळाच्या काळीही त्यांनी ते चिन्ह लपविले नाही. त्यांस आम्ही अविश्वासू कसे म्हणावे?

तर मग हरकत कोणती? हरकत ही की गोंदण म्हणजे न पुसणारा नवस आहे. गणना ३० मध्ये, बापाच्या घरी राहणाऱ्या तरुण मुलीने नवस केला आणि बापाने तो ऐकताच मना केला, तर ती त्यातून मोकळी होते असे सांगितले आहे. कोवळ्या वयातील उतावळ्या शब्दास देवाने परतीची वाट ठेवली. सुई ती वाट ठेवीत नाही. शाई कातडीच्या आतल्या थरात जाते व तेथील पेशी ती धरून ठेवतात. म्हणून ती वर्षानुवर्षे टिकते. लेझर किरणांनी ती काढता येते खरी, परंतु त्यास अनेक खेपा, पैसा व वेदना लागतात, आणि कधी डागही राहतो.

शरीराचाही विचार करावा. अस्वच्छ सुईने कावीळ ब व क आणि एच.आय.व्ही. ह्यांचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून जत्रेत एकाच सुईने अनेकांस गोंदतात तेथे तर मुळीच जाऊ नये. सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांनी हेही जाणावे की भूसैन्याच्या भरतीत साधारणतः कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतील बाजूचे व पंज्याच्या मागील बाजूचे गोंदणच चालते; आदिवासी उमेदवारांस मात्र त्यांच्या रूढीमुळे सवलत आहे.

इंग्लंडात १९६९ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलास गोंदणे हा गुन्हा ठरविला. आईबापांची संमतीही तेथे चालत नाही. आपल्याकडे देशभर लागू असा स्वतंत्र कायदा नाही; तथापि १८७५ च्या सज्ञानता कायद्याने अठरा हेच वय सर्वसाधारणपणे सज्ञानतेचे ठरले आहे. म्हणून आमचे मत असे की अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत आईबापांनी परवानगी देऊ नये, आणि पुढे तो निर्णय मुलाच्या विवेकावर सोपवावा. 'नाही' म्हणताना कारण सांगावे, कारण मुलांस चिडवू नका असे इफिसकरांस ६:४ मध्ये बापांस बजावले आहे. "तुझी श्रद्धा खरी असेल तर ती तीन वर्षे थांबेल, आणि तोवर ती तुझ्या वागण्यात दिसेल," असे प्रेमाने म्हणावे.

आणि ज्याने न विचारता गोंदवून घेतलेच, त्याचे काय? त्यास मंडळीपुढे उभे करून लाजवू नये. त्याची जखम स्वच्छ आहे ना, हे प्रथम पाहावे, आणि मग त्याच्याजवळ बसून बोलावे. ज्या मंडळीत गोंदलेल्या आज्या प्रभुभोजनास बसतात, त्या मंडळीत गोंदलेल्या नातवासही जागा असलीच पाहिजे. मनुष्य बाहेरचे पाहतो, पण परमेश्वर हृदय पाहतो, हे शमुवेलास इशायाच्या घरी शिकावे लागले. आपणांसही ते शिकावयाचे आहे.

विचारासाठी प्रश्न
१. लेवीय १९ मधील कोणते नियम आपण पाळतो, कोणते नाही, आणि का?
२. आपल्या घरातील वृद्ध स्त्रियांस गोंदताना त्यांचे वय काय होते? त्यांसच विचारा.
३. गलतीकरांस ६:१७ मध्ये पौल आपल्या शरीरावरील ज्या खुणांविषयी बोलतो, त्या त्यास कशा मिळाल्या?