पुंगळ्या साठवू नका, हिशेब ठेवा: नेमबाजीच्या गोळ्यांचा खरा खर्च

मुलगी रेंजवरून आली की तिच्या शूटिंग जॅकेटच्या खिशातून अधूनमधून एखादी रिकामी पुंगळी निघते. पिवळीधमक, दीड सेंटिमीटरच्या आसपास लांब, तोंडाशी काजळीचा पट्टा. बुडाच्या कडेवर फायरिंग पिनची चपटी खूण. पहिल्या वर्षी मी त्या बरणीत साठवत होतो. पितळ आहे, टाकायचं कशाला? ओळखीच्या एका लेथवाल्यानं ती बरणी बघून सांगितलं, "डाय करून देतो, घरातच भरू. गोळ्यांचा खर्च निम्म्यावर येईल." कोल्हापूरच्या उद्यमनगरात जे मागाल ते बनतं, त्यामुळे ते बोलणं खरंही वाटलं. त्याच आठवड्यात मी वही घेऊन हिशेबाला बसलो आणि कायदाही वाचला. त्यातून जे हाती लागलं ते कोल्हापुरातल्या प्रत्येक नेमबाजाच्या घरी माहीत असायला हवं.

गोळ्यांच्या खर्चाचा हा प्रश्न आता इथल्या बऱ्याच घरांत येतो, कारण इथले नेमबाज जिंकताना मुलांनी पाहिलेत. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य आणलं. तेव्हापासून कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजवर चौकशीला येणारे पालक पहिल्यांदा रायफलची किंमत विचारतात. रायफल एकदाच घ्यायची असते. गोळ्या मात्र सतत लागतात, आणि घराचं गणित तिथंच कोलमडतं.

.२२ ची पुंगळी पुन्हा का भरत नाहीत

परदेशात पुंगळ्या घरी भरणारे नेमबाज आहेत, हे खरं. पण त्यांच्या पुंगळ्या सेंटरफायर असतात, म्हणजे ठिणगी देणारी टोपी बुडाच्या मधोमध वेगळी बसवलेली असते. उडालेली टोपी काढून नवी बसवता येते. असे नेमबाज पुंगळ्या कंपनीनुसार आणि किती वेळा उडाल्या त्यानुसार वेगळ्या करतात. तडा गेलेल्या किंवा फुगलेल्या बाजूला काढतात, कारण दर बाराला पितळ ताणलं जाऊन कडक होतं आणि शेवटी गळ्याशी चिरतं.

आपली मुलं ५० मीटर रायफलला आणि २५ मीटर पिस्तुलाला वापरतात ती .२२ रिमफायर. तिच्यात वेगळी टोपीच नसते. ठिणगीचा मसाला बुडाच्या पोकळ कडेत भरलेला असतो आणि पिन ती कडच चेपते. एकदा चेपलेली कड पूर्ववत होत नाही. त्यामुळे बरणीतल्या पुंगळ्या कितीही घासल्या, निवडल्या, तरी त्यांची पुन्हा गोळी होत नाही. लेथवाल्याच्या बोलण्यातली निम्म्या खर्चाची आशा इथंच संपते.

कायदा काय सांगतो

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत फक्त जिवंत काडतूस येत नाही. दारूगोळ्याचे भाग आणि तो तयार करायची यंत्रसामग्रीही त्यात येते. शस्त्र जवळ बाळगण्याचा परवाना म्हणजे दारूगोळा बनवण्याचा परवाना नव्हे. बनवण्यासाठी कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. तो नसताना दारूगोळा बनवला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा कमीत कमी ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. "फक्त डाय करून दिली" म्हणणारा कारागीरही त्यात अडकू शकतो, म्हणून उद्यमनगर आणि शिरोलीच्या कारागिरांनाही ही गोष्ट सांगायला हवी.

पश्चिमेकडच्या तालुक्यांत गवे आणि रानडुकरं शेतात घुसतात, म्हणून काही शेतकऱ्यांकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आणि १२ बोअरची बंदूक असते. त्यांनाही हेच लागू. १२ बोअरच्या काडतुसाला बुडाशी धातूचं टोपण आणि वर प्लास्टिकची किंवा कागदाची नळी असते, आणि ते भरणं सोपं आहे असं गावात कुणीतरी सांगतंच. त्या नादी लागू नका. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शक्तिमान काडतुसं परवानाधारक दुकानातून परवान्यावर नोंद करून घ्या. शंका असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.

वर्षाला किती गोळ्या लागतात

दर प्रत्येक आयातीला बदलतो, म्हणून आधी संख्या काढा आणि मग आजच्या दरानं गुणा.

५० मीटर थ्री पोझिशनला मोजणीचे ६० बार असतात: गुडघ्यावर २०, झोपून २० आणि उभं राहून २०. त्याआधीचे नेम जुळवायचे बार, म्हणजे साईटर, धरले की एका पूर्ण सरावाला साधारण ८० गोळ्या जातात. आठवड्यात ४ सराव म्हणजे ३२०. महिन्याला सुमारे १,३००. परीक्षा आणि सुट्या वगळून वर्षाचे १० महिने धरले तर १३,०००.

हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. गोळीमागे १ रुपया वाढला की वर्षाला १३,००० रुपये वाढतात. हिशेबापुरती गोळी २० रुपयांना धरली तर वर्षाचे २ लाख ६० हजार होतात. ४० रुपयांना धरली तर ५ लाख २० हजार. देशी की आयात, सरावाची की सामन्याची, हा निर्णय या पानाकडे बघून घ्यावा.

एअर रायफलचं गणित खूप हलकं आहे. पॅलेटचा, म्हणजे छऱ्यांचा, डबा साधारण ५०० चा असतो. रोज १०० बार आणि आठवड्यात ५ दिवस म्हणजे आठवड्याला एक डबा, वर्षाला ४५ ते ५०. डब्यामागे १०० रुपये जास्त दिले तरी वर्षाला फरक ५,००० रुपयांच्या आतच राहतो. शिवाय ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० जूलपर्यंतच्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. म्हणून सुरुवात इथूनच करा. पहिली दोन वर्षं .२२ च्या खर्चात पडू नका.

पुंगळीची किंमत ३३ पैसे

.२२ च्या एका पुंगळीचं वजन साधारण ०.६५ ग्रॅम. किलोला दीड हजारांवर पुंगळ्या बसतात. वर्षाच्या १३,००० पुंगळ्यांचे साडेआठ किलो पितळ होतं. भंगाराचा दर किलोला ५०० रुपये धरला तर सव्वाचार हजार रुपये, म्हणजे पुंगळीमागे ३३ पैसे. गोळी २० रुपयांची असेल तर ही रक्कम वर्षाच्या खर्चाच्या दोन टक्केही भरत नाही. ३३ पैशांसाठी काडतुसाचे भाग घरात साठवण्याची जोखीम कुणी घेऊ नये. पुंगळ्या रेंजवरच जमा करा. त्यांची विल्हेवाट रेंजनं आपल्या नोंदवहीप्रमाणे लावायची.

सराव संपल्यावरची निवडणी

पुंगळ्या निवडायच्या त्या हिशेबासाठी आणि सुरक्षेसाठी. दहा मिनिटांचं काम आहे, मुलांनाच करू द्या.

१. ५० गोळ्यांच्या खोक्यातल्या खाचांमध्ये रिकामी पुंगळी परत उलटी ठेवा. किती उडाल्या हे न मोजताही दिसतं.

२. घेतलेल्या गोळ्या = उडालेल्या + उरलेल्या. बेरीज जुळल्याशिवाय फायरिंग पॉइंट सोडू नका. एक जरी कमी भरली तरी मॅटखाली, खिशात, बॅगेच्या शिवणीत शोधा.

३. न उडालेली गोळी वेगळी. घोडा ओढला आणि बार झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा आणि रेंज अधिकाऱ्याला सांगा. ती गोळी रेंजच्या वेगळ्या डब्यातच जायला हवी, घरी कधीच नाही.

४. कडेला चिरलेली, फुगलेली किंवा पिनची खूण फिकट असलेली पुंगळी प्रशिक्षकांना दाखवा. गोळ्यांच्या लॉटमध्ये, म्हणजे त्या खेपेत, दोष आहे की रायफलची पिन झिजली आहे, हे तिच्यावरून कळतं. पुंगळीचा खरा उपयोग हाच.

५. जमा करण्याआधी शेवटची नजर. पुंगळ्यांच्या ढिगात जिवंत गोळी राहिली आणि ते भंगार भट्टीत गेलं, तर ती तिथं फुटते. कोल्हापुरातल्या फाउंड्रींत भट्टीसमोर माणसं उभी असतात. त्यांच्यासाठी ही नजर टाकायलाच हवी.

रेंजची बॅग प्रवासाला नेऊ नका. आठवण म्हणून पुंगळीची की-चेनही करू नका. उजळाईवाडीला विमानतळाच्या तपासणीत विसरलेली एखादी गोळी सापडली, तर स्पर्धा राहते बाजूला आणि पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते.

पैसे खरोखर कुठे वाचतात

*ड्राय सराव.* गोळी न घालता पोझिशन, श्वास, ट्रिगर. रोज ४० मिनिटं, खर्च शून्य. रिकाम्या चेंबरवर पिन पाडणं तुमच्या रायफलला चालतं का, हे आधी प्रशिक्षकांना विचारा. त्या वेळी खोलीत एकही जिवंत गोळी नको.

*लॉट तपासणी.* एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्ये फरक असतो. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं आहे. तीन-चार लॉटचे दहा-दहा बार मारून ग्रुप, म्हणजे छिद्रं किती जवळ पडतात ते, बघा आणि आपल्या नळीला जमणारा लॉट हंगामभर पुरेल इतका घ्या. महागडी गोळी पण न जमणारा लॉट, हा सगळ्यात मोठा तोटा.

*दोन प्रकारच्या गोळ्या.* सरावाला स्वस्त, स्पर्धेच्या आधीच्या दोन आठवड्यांत आणि स्पर्धेत चांगली. १३,००० पैकी १०,००० गोळ्या १० रुपयांनी स्वस्त मिळाल्या तरी लाख रुपये वाचतात.

*एकत्र खरेदी आणि सवलती.* क्लबमार्फत मागणी नोंदवा. राष्ट्रीय स्पर्धेतल्या कामगिरीवर नामांकित नेमबाजाचा दर्जा मिळाला की आयातीत सवलत मिळते, म्हणून प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेवा. राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी हाही मार्ग आहे. स्वप्नील कुसाळे तिथूनच घडला.

शिशाची काळजी

गोळी आणि पॅलेट शिशाचे. .२२ च्या कडेतल्या मसाल्यातही बहुधा शिशाचं संयुग असतं. पुंगळ्या हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. रेंजचे बूट दाराबाहेर, जॅकेट स्वयंपाकघरापासून दूर. पुंगळ्या घरच्या भांड्यात घासणं किंवा धाकट्या भावंडांना खेळायला देणं अजिबात नको. नियमित सराव असेल तर वर्षातून एकदा डॉक्टरांना रक्तातल्या शिशाच्या तपासणीबद्दल विचारा.

पैसे भरण्याआधी रेंजवर विचारा

मासिक शुल्कात रायफल आणि टार्गेट धरलं आहे का? गोळ्या क्लब देतो की आपण आणायच्या? उरलेल्या गोळ्या कुणाच्या नोंदीत राहतात? पुंगळ्या कुठे जमा होतात? न उडालेल्या गोळ्यांचा डबा कुठे आहे? शेवटच्या दोन प्रश्नांना लगेच उत्तर मिळालं तर त्या रेंजची शिस्त चांगली, एवढं समजा.

आमच्या घरातली बरणी मी त्याच महिन्यात रेंजवर नेऊन रिकामी केली. तिच्या जागी आता दोनशे पानी वही आहे. तारीख, लॉट नंबर, घेतल्या, उडाल्या, उरल्या, ग्रुप, अशा सहा रकान्यांची. ती मुलगीच भरते. गेल्या हंगामात त्या वहीवरून तिनंच दाखवून दिलं, की थकल्यावर मारलेल्या शेवटच्या २० गोळ्यांनी तिचा ग्रुप कधीच सुधारला नाही. सराव ८० वरून ६० वर आला. वर्षाला तीन हजारांहून अधिक गोळ्या वाचल्या, आणि त्यांतली एकही आम्हाला पुन्हा भरावी लागली नाही.