क्रॅश डम्पचे वाचन : आधी लिपी, मग निष्कर्ष

सम्राट अशोकांचे शिलालेख कोणत्या दिशेने वाचावेत, असा प्रश्न मी इतिहासाच्या तासाला विचारतो. बहुतेक मुले ‘डावीकडून उजवीकडे’ असे उत्तर देतात. सोपाऱ्याला १८८२ मध्ये सापडलेल्या लेखाच्या बाबतीत ते बरोबर आहे, कारण तो ब्राह्मी लिपीत आहे. परंतु शाहबाजगढी आणि मानसेहरा येथील लेख खरोष्ठीत असून ते उजवीकडून डावीकडे वाचावे लागतात. राजाज्ञा त्याच, भाषाही प्राकृतच. लिपी आणि दिशा मात्र वेगळी. ब्राह्मीचा नियम खरोष्ठीला लावला तर अर्थ लागणार नाही, आणि त्यात दगडाचा काहीच दोष नसेल.

हाच नियम संगणकाच्या क्षेत्रातही किती महत्त्वाचा आहे, हे मला आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने शिकविले. नेटवर्कची उपकरणे तयार करणाऱ्या एका कंपनीत तो नोकरीला आहे; त्याच्या घरातील ही पहिलीच पगारी नोकरी. एका उपकरणातील प्रोग्राम वारंवार बंद पडू लागला आणि ठपका त्याने लिहिलेल्या भागावर आला. पुरावा म्हणून समोर ठेवला गेला तो क्रॅश डम्प. दिवाळीच्या सुट्टीत तो भेटायला आला, तेव्हा वहीवर आकडे मांडून त्याने सारे प्रकरण मला समजावून दिले.

प्रोग्राम कोसळतो त्या क्षणी मेमरीत आणि प्रोसेसरच्या रजिस्टरांत जे असते, त्याची उतरवून घेतलेली प्रत म्हणजे क्रॅश डम्प. त्याला घटनास्थळाचा पंचनामाच म्हणता येईल. युनिक्स प्रणालीत त्यास ‘कोअर डम्प’ म्हणतात. पूर्वी संगणकाची मेमरी बारीक चुंबकीय कड्यांची असे. त्या कड्यांना ‘कोअर’ म्हणत, त्यावरून हे नाव रूढ झाले.

हा पंचनामा आकड्यांत असतो. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढीच संख्या मावते. त्याहून मोठी संख्या अनेक बाइटांत विभागून ठेवावी लागते. चार बाइटांत २५६ ही संख्या मोटोरोला ६८००० सारखा प्रोसेसर ‘०० ०० ०१ ००’ अशी ठेवतो, तर इंटेलचा प्रोसेसर ‘०० ०१ ०० ००’ अशी. मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवणाऱ्या पद्धतीला बिग-एंडियन आणि लहान किमतीचा आधी ठेवणाऱ्या पद्धतीला लिटल-एंडियन म्हणतात. जोनाथन स्विफ्ट यांच्या १७२६ च्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे यावरून लोक भांडतात, त्यावरून डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये ही नावे संगणकाच्या चर्चेत आणली.

आमच्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात उपकरणात बिग-एंडियन पद्धतीने चालणारा पॉवरपीसी प्रोसेसर होता. तपासणी मात्र इंटेलच्या संगणकावर झाली, आणि डम्पमध्ये मेमरीचे नुसते बाइट होते. ते कोणत्या प्रोसेसरचे याची नोंद त्यात नव्हती. संदेशाची लांबी ‘०० ०० ०१ ००’ म्हणजे २५६ होती. लिटल-एंडियन नियमाने ती ६५,५३६ वाचली गेली. “याच्याच भागाने मर्यादा ओलांडली,” असा निष्कर्ष तेथेच निघाला.

त्याने डम्प मागून घेतला आणि योग्य क्रमाने वाचला. लांबी बरोबर होती. मग त्याने पुढचा प्रश्न विचारला : या फंक्शनला बोलाविले कोणी? इंटेलच्या प्रोसेसरमध्ये परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवला जातो. पॉवरपीसी आणि आर्म यांमध्ये तो प्रथम लिंक रजिस्टरमध्ये असतो. त्या रजिस्टरातील पत्त्यावरून कळले, की प्रोग्रामच्या दुसऱ्याच भागाने मेमरीचा पत्ता म्हणून शून्य पाठविले होते. प्रोग्राम कोसळला त्याच्या भागात, पण कारण होते अन्यत्र. जेथे प्रेत सापडले, तेथेच खून झाला असे मानता येत नाही.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. एखादा प्रोग्राम एका प्रोसेसरवर वर्षानुवर्षे चालला, म्हणजे तो निर्दोष ठरत नाही. चार बाइटांची संख्या आडनिड्या पत्त्यावरून वाचली, तर इंटेलचा प्रोसेसर सहसा निमूट चालवून घेतो. स्पार्क मात्र तेथेच थांबवितो. दोन थ्रेड एकच माहिती हाताळत असतील, तर मेमरीतील लेखनाचा क्रम इंटेलमध्ये बराच कडक पाळला जातो, आर्ममध्ये तो सैल असतो. ॲपलने २००६ मध्ये पॉवरपीसीकडून इंटेलकडे आणि २०२० मध्ये इंटेलकडून आर्मकडे संगणक वळविले. अशा स्थलांतरात जुन्या, दडलेल्या चुका उघड्या पडू शकतात. त्या वेळी नव्या प्रोसेसरला दोष देणे सोपे असते. परंतु चूक मुळात प्रोग्राममध्येच असू शकते.

आपल्या शाळेची जी मुले-मुली या क्षेत्रात आहेत, त्यांनी डम्प हाती येताच क्रमाने चार प्रश्न विचारावेत. प्रोसेसर कोणता? बाइटांचा क्रम कोणता? लिनक्सवरील नेहमीच्या ईएलएफ फाइलमध्ये याचे उत्तर आरंभीच असते : सहावा बाइट १ असेल तर लिटल-एंडियन, २ असेल तर बिग-एंडियन. तिसरा प्रश्न, हाताशी असलेली चिन्हांची फाइल नेमक्या त्याच आवृत्तीची आहे काय? नसेल तर फंक्शनांची नावे चुकीची दिसतील. आणि चौथा, कोसळलेल्या फंक्शनला कोणी व काय देऊन बोलाविले? या चारही प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत कोणाचेही नाव घेऊ नये.

त्या मुलावरील ठपका मागे घेतला गेला. ज्याची चूक निघाली, त्यालाही पत्र दिले गेले नाही. शून्य पत्ता तपासण्याची एक ओळ प्रोग्राममध्ये वाढली, आणि प्रत्येक डम्पवर प्रोसेसरचे नाव लिहिण्याचा नियम झाला. निघताना तो म्हणाला, “सर, आकडे खोटे नव्हते. वाचणाऱ्याने आधी लिपी विचारली नव्हती, एवढेच.” इतिहासाच्या पुढच्या तासाला मी हे उदाहरण फळ्यावर मांडले.