लपलेल्या दोषाचा माग

भिलाईच्या पोलाद कारखान्यात 130 मीटर लांबीचा अखंड रूळ तयार होतो. तापलेले पोलाद लाटले जात असताना काही बिघडले, तर तोच रूळ पुन्हा पहिल्यापासून लाटून ती घटना पाहता येत नाही. हाती उरतात त्या तापमानाच्या आणि वेगाच्या नोंदी. संगणकाच्या आज्ञावलीचे मात्र तसे नाही. योग्य नोंदी असतील, तर तिची होऊन गेलेली वाटचाल जशीच्या तशी पुन्हा घडविता येते.

हे कसे शक्य होते? प्रारंभीची स्थिती आणि पुरविलेली माहिती तीच असेल, तर आज्ञावली दर वेळी त्याच मार्गाने जाते. फरक पडतो तो बाहेरून येणाऱ्या गोष्टींमुळे: कळ दाबल्याचा क्षण, घड्याळाची वेळ, किंवा एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा क्रम. म्हणून प्रत्येक पायरी टिपावी लागत नाही. एवढ्याच गोष्टी नोंदल्या की पुरते. पुढे बाहेरच्या जगाऐवजी ही नोंदच आज्ञावलीला पुरविली जाते, आणि तोच दोष त्याच जागी प्रकट होतो. 1987 साली लब्लँक व मेलर-क्रमी यांनी समांतर आज्ञावलींसाठी अशी रीत मांडली. 2014 मध्ये मोझिलाचे ‘आरआर’ हे साधन सर्वांसाठी खुले झाले.

दोष पुन्हा घडविता न येणे किती महाग पडते, हे थेरॅक-25 या किरणोपचार यंत्राने दाखवून दिले. 1986 च्या मार्चमध्ये अमेरिकेतील टायलर येथे एका रुग्णाला त्यातून घातक किरणमात्रा मिळाली. अभियंत्यांनी यंत्र तपासले. दोष आढळला नाही. यंत्र पुन्हा वापरात आले आणि एप्रिलमध्ये तसाच दुसरा अपघात झाला. दोन्ही रुग्ण पुढे दगावले. त्यानंतर रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञाने यंत्रचालिकेच्या साहाय्याने तो प्रसंग पुनःपुन्हा घडवून पाहिला. तेव्हा उमगले की, पडद्यावरील माहिती झपाट्याने दुरुस्त केली तरच दोष उद्भवतो. सावकाश तपासणाऱ्याला तो दिसणारच नव्हता.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. नोंद ठेवताना आज्ञावली मंदावते. ‘आरआर’मध्ये समांतर कामे एकामागून एक चालवावी लागतात, त्यामुळे काही दोष लपूनही राहतात. शिवाय नोंद आधीपासून चालू असावी लागते. भिलाईतील रुळाचे असो वा आज्ञावलीचे, जे त्या क्षणी टिपले गेले नाही, ते मागाहून मिळत नाही.